आधी बाक, मग कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून तोंडावर आला की वर्तमानपत्रांतून शाळाप्रवेशाच्या पुरवण्या निघतात. गणवेश, दप्तरं, आरटीईची सोडत, वाढलेली फी, सगळं त्यात येतं. त्याच अंकाच्या आतल्या पानावर कुठल्या तरी युद्धात कोसळलेल्या शाळेचं छायाचित्र असतं. दोन्ही मजकुरांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं वाचणाऱ्याला वाटत नाही. समावेशित शिक्षणात, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबर एकाच वर्गात शिकवण्याच्या कामात, असलेल्या आम्हा मंडळींना तो संबंध रोज दिसतो. निर्वासितांच्या छावणीत मूल आलं, तर त्याच्याकडे कागद नसणारच, हे धरून शिकवायला बसावं लागतं. पुण्यातल्या शाळेत दिव्यांग मूल आलं, तर आधी दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा कागद मागितला जातो आणि तो येईपर्यंत मूल मागच्या बाकावर, नाहीतर घरी बसतं. जिथे काहीच नाही तिथली रीत आपल्याकडच्यापेक्षा शहाणी आहे, आणि ती इथे आणायला फार पैसेही लागत नाहीत. त्यासाठी हे पत्र.

आधी आवाका सांगतो. युनिसेफच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे २४ कोटी मुलं दिव्यांग आहेत, आणि इतर मुलांच्या तुलनेत ती शाळेची पायरी कधीच न चढण्याची शक्यता ४९ टक्क्यांनी जास्त आहे. संकटग्रस्त भागांतल्या शिक्षणासाठीच्या 'एज्युकेशन कॅनॉट वेट' या संयुक्त राष्ट्रांच्या निधीने २०२५च्या सुरुवातीला दिलेला अंदाज असा, की युद्ध, विस्थापन आणि आपत्तीमुळे २३ कोटी ४० लाख शालेय वयाच्या मुलांना मदतीची गरज आहे आणि त्यांपैकी साडेआठ कोटी पूर्णपणे शाळाबाह्य आहेत. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत शाळा, शिक्षक आणि विद्यार्थ्यांवर जगभरात सुमारे ६,००० हल्ले नोंदले गेले. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले जातात तेव्हा दोन वेगळे गट आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळलेले आहेत, कारण युद्ध स्वतःच दिव्यांगत्व तयार करतं.

आणि ते फक्त सुरुंगाने किंवा बॉम्बने होत नाही. लसीकरण थांबतं. सीरियात २०१३ मध्ये पोलिओ परत आला तो असाच. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओचा पक्षाघात झाला, तिथला २५ वर्षांतला पहिला. फिट्सची गोळी मिळेनाशी होते. कान फुटून वाहत राहतो आणि प्रतिजैविक मिळत नाही. चष्मा पळताना पडतो, दुसरा होत नाही, आणि मूल अक्षरशः रातोरात 'ढ' ठरतं. अवयव गमावलेल्या मुलांचं दरडोई प्रमाण जगात सर्वाधिक गाझात आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनी डिसेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं. त्या बातमीतली मुलं आपल्या डोळ्यांपुढे येतात. चष्मा हरवलेली येत नाहीत. संख्येने मात्र ती फार जास्त असतात.

आता आपल्याकडचा कागद. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि 'किमान ४० टक्के दिव्यांगत्व' हा आकडा शाळाशाळांत पाठ झालेला आहे. कायदा नीट वाचला तर ४० टक्क्यांची अट काही ठरावीक लाभांपुरती आहे: आरक्षण, कलम ३१ प्रमाणे ६ ते १८ वयात मोफत शिक्षण, वगैरे. शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत आणि सोयी वापरता येतील अशा ठेवाव्यात, मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करावी, ही कलम १६ मधली कर्तव्यं सगळ्याच दिव्यांग मुलांसाठी आहेत. वाजवी सोय नाकारणं हा भेदभावच आहे, असं व्याख्येतच लिहिलेलं आहे. तरी मुख्याध्यापक म्हणतात, "यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणा, मग बघू." अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे वाचन-लेखन-गणितातल्या अडचणीचं, प्रमाणपत्र तर मूल आठ वर्षांचं होईपर्यंत मिळतच नाही. म्हणजे पहिली-दुसरीत, जिथे मदतीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, तिथे कागद मागणं म्हणजे मदत न देण्याचा सोयीस्कर मार्ग. वयाचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला आला नाही, म्हणून प्रवेश अडवता येत नाही हे तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहे, आणि तो कायदा 'प्रत्येक बालक' म्हणतो, 'प्रत्येक नागरिक' म्हणत नाही. मणिपूरमधून आलेल्या कुटुंबाला किंवा पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याच्या मुलाला हे लागू होतं.

मग कागदाऐवजी काय विचारायचं? दिव्यांगत्वाची मोजणी कशी करावी हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा वॉशिंग्टन ग्रुप आणि युनिसेफ यांनी २०१६ मध्ये एक प्रश्नावली तयार केली. २ ते ४ वयासाठी १६ प्रश्न, ५ ते १७ साठी २४. यात 'दिव्यांग' हा शब्द कुठेच नाही, आणि ते मुद्दाम आहे. आईला "मूल दिव्यांग आहे का?" विचारलं की ती "नाही हो, चांगला आहे" म्हणते. त्याऐवजी विचारायचं: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? सपाट जागी शंभर मीटर चालायला? घरच्यांना त्याचं बोलणं समजतं का, आणि बाहेरच्यांना? त्याच्या वयाच्या मुलांच्या मानाने शिकायला, लक्षात ठेवायला कसं जातं? उत्तरं चारच: अजिबात त्रास नाही, थोडा त्रास, खूप त्रास, करताच येत नाही. शेवटच्या दोनांपैकी एक उत्तर एकाही प्रश्नाला आलं, तर त्या बाबतीत सोय करायला लागायचं. घाबरलेलं किंवा उदास किती वेळा दिसतं, या प्रश्नांची उत्तरं वेगळी: रोज, आठवड्याला, महिन्याला, वर्षातून काही वेळा, कधीच नाही. 'रोज' आलं तर थांबायचं नाही. ही प्रश्नावली मुळात सर्वेक्षणासाठी आहे, निदानासाठी नाही. तिच्यावरून मुलाच्या कपाळावर आजाराचं नाव चिकटवायचं नाही. पण मुलाला कोणत्या बाकावर बसवायचं, हे ठरवायला ती पुरते. वर्गशिक्षिकेला एका पालकामागे पंधरा-वीस मिनिटं लागतात. मराठीतून, पालकांच्या बोलीत विचारावं आणि शक्यतो मूल समोर नसताना.

इमारतीबद्दल सगळे बोलतात, म्हणून तिथे काय बिघडतं तेवढंच. रॅम्पचा चढ १:१२ हवा, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. शाळेचं जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट, दोन फूट असेल तर चोवीस. ठेकेदार तो सात-आठ फुटांत उरकतो. कागदावर 'रॅम्प आहे' अशी बरोबरची खूण होते आणि चाकाची खुर्ची त्यावरून चढवायला दोन माणसं लागतात, उतरताना मूल पुढे कलंडतं. रुंदी किमान चार फूट. वर, खाली आणि वळणावर पाच फूट सपाट जागा, नाहीतर दार उघडायला हात काढला की खुर्ची मागे घरंगळते. कडेला तीन-चार इंचांची पाळ, दोन्ही बाजूंना अडीच आणि तीन फुटांच्या आसपास दोन आडव्या नळ्या. खालची लहान मुलांसाठी. बऱ्याच शाळांत हे सगळं नीट होतं आणि रॅम्प नेमका दोन इंचांच्या उंबऱ्यापाशी किंवा उघड्या गटाराच्या जाळीपाशी संपतो. जाळीच्या पट्ट्या चालण्याच्या दिशेला समांतर असतील तर खुर्चीचं पुढचं चाक आणि कुबडीचं टोक दोन्ही त्यात अडकतात. पट्ट्या आडव्या करून बसवल्या तर काम होतं.

पुण्यातल्या शाळांत शहाबादी फरशी पावसाळ्यात निसरडी होते. कुबडीच्या टोकाचं रबरी बूच झिजून आतला धातू दिसायला लागला की मूल पडणार हे नक्की. हे बूच पेन्सिलच्या खोडरबराइतकं साधं काम आहे, पण ते तपासायची जबाबदारी कुणाची, हे शाळेत ठरलेलं नसतं. शिपाईमामांकडे द्या: दर सोमवारी, प्रार्थनेच्या आधी.

जिथे लिफ्ट नाही आणि जिना रुंद करता येत नाही अशा जुन्या वाड्यांतल्या शाळांत एक उपाय फुकट आहे. ज्या वर्गात असं मूल आहे तो वर्ग तळमजल्यावर आणायचा. 'सातवी ब'ला खाली आणा आणि मुख्याध्यापकांचं कार्यालय वर न्या. हा बदल वेळापत्रकाचा आहे, बांधकामाचा नाही. त्याला विरोध होतो तो पैशांपायी होत नाही, हेही सांगून टाकतो.

छावणीतल्या तंबूशाळेत हेच प्रश्न वेगळ्या रूपात येतात. तंबूचे दोर आणि खुंट्या हा अंध मुलासाठी सापळाच; म्हणून दोरांना उजळ कापड बांधतात आणि ये-जा एकाच बाजूने ठेवतात. जमिनीवर वाळू-खडी असेल तर चाक रुततं, तिथे फळ्या टाकतात. मानवतावादी कामाची स्फियर मानकं शाळेत ३० मुलींमागे एक आणि ६० मुलांमागे एक शौचालय सांगतात. युनिसेफची 'पेटीतली शाळा' एका शिक्षकाला आणि ४० मुलांना पुरेल इतकं सामान घेऊन येते. पेटीच्या झाकणाला आतून रंग लावला की तेच फळा होतं. कल्पना सुंदर आहे. पण त्या छोट्या फळ्यावर मागच्या रांगेतल्या कमी दिसणाऱ्या मुलाला काही वाचता येत नाही. म्हणून 'आणीबाणीच्या काळातलं शिक्षण' या विषयावरची आयएनईई या आंतरराष्ट्रीय संस्थाजाळ्याची किमान मानकं, जी २००४ मध्ये निघाली आणि २०२४ मध्ये नव्याने बेतली गेली, सुरुवातीलाच विचारतात: या समाजातलं कोण शाळेत आलेलं नाही, आणि का? आपल्या पटनोंदणी पंधरवड्यात हा प्रश्न असाच विचारला जावा.

ऐकण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे चूक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त होते. स्फोटाच्या दाबाने पडदा फाटलेला असो, की पुण्यात कानाच्या जुनाट दुखण्याने ऐकू कमी येत असो, वर्गात दोन्ही मुलं 'लक्ष देत नाही' याच शेऱ्याखाली येतात. श्रवणयंत्र लावलं की झालं, असा समज आहे. यंत्राच्या माइकपासून दीड मीटरपलीकडे शिक्षक गेल्या की त्यांचा आवाज, पंखा, आणि बाहेरचा रिक्षाचा हॉर्न हे सगळं एकत्र येतं. मूल पहिल्या किंवा दुसऱ्या रांगेत, खिडकीकडे पाठ करून बसवायचं, म्हणजे शिक्षकांच्या तोंडावर उजेड पडतो. शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. बाकाच्या पायांना जुने टेनिसचे चेंडू चिरून घातले तर ओरखड्यांचा आवाज बराच कमी होतो.

आणि रोज सकाळी एक मिनिटाची तपासणी. सहा आवाज आहेत: आ, ई, ऊ, म, श, स. शिक्षिकेने तोंडापुढे कागद धरायचा, ओठ दिसू द्यायचे नाहीत, आवाज नेहमीचा ठेवायचा, आणि एक मीटरवरून एकेक आवाज काढायचा. मुलाने ऐकू आला की टाळी वाजवायची, मोठ्या मुलाने तोच आवाज परत काढायचा. मग तीन मीटरवरून. क्रम रोज बदलायचा आणि मध्ये गप्प बसायचं, नाहीतर मूल अंदाजाने टाळ्या वाजवतं. काल 'स' ऐकू येत होता आणि आज नाही, म्हणजे बॅटरी उतरली, नळीत पाणी साचलं, किंवा कान वाहायला लागला. बॅटरी साधारण आठवडा-दोन आठवडे टिकते. तिच्यावरचा स्टिकर काढला की हवा आत शिरायला मिनिटभर थांबून मगच यंत्रात घालायची, हे कुणी सांगत नाही आणि ती लवकर मरते. यंत्र शिट्टी वाजवतं तेव्हा बहुतेकदा कानातला साचा सैल झालेला असतो, कारण मूल वाढलेलं असतं आणि साचा नाही. यंत्राचा आवाज कमी करणं हा त्यावरचा उपाय नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये रात्री यंत्र सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या डबीत ठेवायचं. हे सगळं एका पानावर मावतं आणि वर्गाच्या कपाटाला चिकटवता येतं.

अंध किंवा कमी दिसणाऱ्या मुलासाठी ब्रेल पुस्तकं, टेलर फ्रेम (हाताने चाचपून गणित करायची पाटी), मोठ्या टायपातल्या प्रश्नपत्रिका हव्यात, हे माहीत असतं. जे माहीत नसतं ते असं: फळ्यावर लिहिताना शिक्षक म्हणतात, "हे याच्यातून वजा केलं, ते इकडे आणलं." या वाक्यात न दिसणाऱ्याला मिळालं काय? "बेचाळीसमधून सतरा वजा केले, पंचवीस उरले" म्हटलं की काम झालं. याला खर्च शून्य आणि वर्गातल्या डोळस मुलांनाही गणित जास्त कळतं.

कृत्रिम पायाच्या बाबतीत पुण्याला खरं तर बोलायचा अधिकार आहे. वानवडीच्या बाजूला असलेलं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झालं. युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि पुढे खडकीला आली. युद्ध आणि शरीर यांच्या हिशोबाची या शहराला शंभर वर्षांची ओळख आहे, फक्त ती प्रौढांची. मुलाचा हिशोब वेगळा. मूल वाढतं, म्हणून कृत्रिम पाय दरवर्षी, कधी त्याच्याही आधी, बदलावा किंवा जुळवावा लागतो. शिवाय हाड छेदलेल्या ठिकाणी वाढत राहतं आणि टोकदार होऊन कातडीला आतून टोचतं. त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत साहित्य पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. किती पालकांना हे माहीत आहे? शिबिरात पाय मिळतो, फोटो निघतो, दहा महिन्यांनी तो पाय कोपऱ्यात उभा राहतो.

शाळेत हे ओळखायचं कसं? मधल्या सुट्टीनंतर मूल खेळायचं सोडतं, दुपारी जास्त लंगडतं, बसल्या बसल्या पाय सैल करतं. घरी पाय काढल्यावर कातडीवर उमटलेला लाल डाग पंधरा-वीस मिनिटांत गेला नाही तर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा पोकळ भाग, टोचतोय. त्या दिवशी पाय न घालता कुबडीवर येऊ द्यावं आणि तंत्रज्ञाकडे पाठवावं. पावसाळ्यात दप्तरात एक कोरडा मोजा जादा ठेवावा. ओल्या मोज्यात फोड येतात. पीटीच्या तासाला मुलाला 'स्कोअर लिही' म्हणून बसवू नये, हेही याच यादीत.

मनावरच्या घावांबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे, छावणीत आणि इथेही: मुलाला बोलतं करायचं, चित्र काढायला लावायचं, "काय काय पाहिलंस" विचारायचं. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका स्पष्ट आहे, की घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घेणं उपयोगाचं नाही, ते टाळावं. मुलाला हवा असतो तो ठरलेला दिवस. फळ्याच्या कोपऱ्यात आजचे तास क्रमाने, बदल असेल तर आदल्या दिवशी सांगणं, दार दिसेल अशी जागा, मागून खांद्यावर हात न ठेवणं. मूल आपणहून बोललं तर ऐकायचं, खोदायचं नाही. महिनाभरानंतरही झोप नाही, जेवण नाही, दचकणं कमी नाही, तर बालमानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं.

याला पुण्याची एक खास जोड आहे. जुलैपासून ढोल-ताशांचे सराव सुरू होतात, दिवाळीत फटाके. काश्मीरमधल्या हिंसाचाराची झळ बसलेल्या मुलांना 'सरहद' संस्थेने पुण्यात आणून शिकवलं आहे. मणिपूरमध्ये मे २०२३ पासूनच्या हिंसाचाराने सुमारे ६० हजार माणसं घराबाहेर पडली आणि तिथली मुलं देशभर पांगली. अशा मुलाला, किंवा स्वमग्न मुलाला, तो दणका कसा लागतो याचा विचार पथकांनी करावा एवढंच म्हणणं नाही. ढोल बंद करा असं तर मुळीच नाही. शाळेने मंडळाकडून सरावाची वेळ विचारून घ्यावी, मुलाला आधी सांगावं, दुरून दाखवावं, वाटलं तर एकदा ढोलाला हात लावू द्यावा, आणि वर्गात कानावर घालायचा एक हेडफोन ठेवावा. अचानक येणारा आवाज घाबरवतो. कुठून येणार आणि कधी थांबणार हे माहीत असलेला आवाज बराच सोसतो.

आपत्तीच्या सरावाचंही तसंच. युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात २०२३ पासून मेट्रोच्या स्थानकांत वर्ग भरू लागले आणि पुढच्या वर्षी जमिनीखाली खास शाळा बांधली गेली. जमिनीखाली जायचं म्हणजे जिने, आणि जिने म्हटले की चाकाच्या खुर्चीतलं मूल कोण नेणार, हा प्रश्न सायरन वाजण्याआधी सुटलेला असावा लागतो. आपल्या २०१६च्या कायद्याचं कलम ८ सशस्त्र संघर्ष आणि आपत्ती या दोन्हींत दिव्यांग व्यक्तींच्या समान संरक्षणाबद्दल बोलतं. आपल्या शाळांत मॉक ड्रिलच्या दिवशी मात्र अशा मुलाला "तू वर्गातच थांब, घाई होईल" म्हणतात. करायचं ते असं: प्रत्येक मुलामागे दोन मोठ्या माणसांची नावं, आणि दोघांपैकी एक रजेवर असेल तर तिसरं. कर्णबधिर मुलासाठी घंटेबरोबर दिवा लावणं-विझवणं. अंध मुलाला ओढायचं नाही, त्याने आपला कोपर धरायचा. सराव किती वेळात झाला हे मोजताना शेवटचं मूल बाहेर आल्यावर घड्याळ थांबवायचं.

हे सगळं करणार कोण? सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विशेष शिक्षकांचं प्रमाण प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक आणि पुढे १५ मुलांमागे एक असं ठरवायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करण्याची पुन्हा तंबी दिली. प्रत्यक्षात एकेका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा आहेत आणि त्याचा बराचसा वेळ माहिती भरण्यात जातो. म्हणून त्याने मुलाला वर्गाबाहेर काढून अर्धा तास शिकवण्यापेक्षा वर्गशिक्षकाच्या शेजारी बसून त्याच्या उद्याच्या पाठात दोन बदल सुचवावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मूल 'विशेष बाईंचं' झालं की वर्गशिक्षक त्याच्याकडे बघणं सोडतात. तितकीच वाईट रीत म्हणजे आईला शाळेत बसवणं. अकरा ते पाच व्हरांड्यात बसलेली आई ही शाळेची सोय आहे, मुलाची नाही, आणि त्यात तिचा रोजगार जातो.

विशेष शाळा बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा बोलणारी सवंगडी मुलं लागतात. भारतीय सांकेतिक भाषा न येणाऱ्या साठ मुलांत एकटं बसवणं म्हणजे समावेशन नव्हे. आणि युद्धातून आलेलं कर्णबधिर मूल वेगळीच सांकेतिक भाषा, किंवा फक्त घरातल्या खुणा घेऊन येतं. निवड मुलाची आणि पालकांची असावी; कायदाही शाळेची निवड मुलाकडे देतो.

ऊसतोडणी, वीटभट्टी, बांधकाम यांसाठी कुटुंबं हलतात म्हणून महाराष्ट्रात शिक्षण हमी कार्ड आहे. मूल जाईल तिथे कार्ड जातं. त्याच धर्तीवर दिव्यांग मुलाचं एक पान करायला काय हरकत आहे? वर मुलाचं नाव आणि घरची भाषा. मग पाच ओळी: मला काय आवडतं, मला कशाने त्रास होतो, मी कसं सांगतो (बोलून, बोट दाखवून, डोळ्यांनी), बसायला, ऐकायला, लिहायला काय लागतं, परीक्षेत काय लागतं, म्हणजे लेखनिक, तासाला किमान २० मिनिटं जादा, मोठी अक्षरं. खाली औषधांची वेळ. यात निदान लिहायचं नाही आणि टक्केही नाहीत. एक प्रत वर्गात, एक आईच्या फोनमध्ये फोटो काढून. जूनमध्ये भरायचं, दिवाळीनंतर दुरुस्त करायचं. घर सोडून पळावं लागलेल्या कुटुंबाकडे बहुधा फोन तेवढा उरतो, म्हणून फोटो महत्त्वाचा.

शेवटी दोन विनंत्या. आपल्या प्रवेश पुरवणीत गणवेशाच्या दुकानांच्या यादीशेजारी वर दिलेले चार-पाच प्रश्न चौकटीत छापावेत, पालक ते कापून शाळेत नेतील. आणि शिक्षण विभागाने शाळा तपासताना 'दिव्यांगांसाठी शौचालय: होय/नाही' या रकान्याच्या जागी पुढचं विचारावं: दार तीन फूट रुंद आहे का; ते बाहेरच्या बाजूला उघडतं का, म्हणजे आत मूल पडलं तर दार अडत नाही; आत खुर्ची फिरायला पाच फुटांची मोकळी जागा आहे का; लहान मुलाचे पाय टेकायला पाट आहे का; आत झाडू, जुने बाक आणि निवडणुकीच्या पेट्या ठेवलेल्या आहेत का; आणि आत्ता, या क्षणी, किल्ली कुणाच्या खिशात आहे.

आपले,
समावेशित शिक्षणात काम करणारे काही विशेष शिक्षक व थेरपिस्ट, पुणे